गरज, मागणी आणि यंत्राची नाडीपरीक्षा

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संगणक विभागांत चालणाऱ्या संशोधनाचे विषय पाहिले, तर त्यांत आरोग्याने बरीच जागा व्यापलेली दिसते. मनगटावरील पट्टीतून हृदयाचे ठोके मोजणारे साधन, छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयाचा संशय वर्तविणारी आज्ञावली, नेत्रपटलाच्या छायाचित्रावरून मधुमेहाचे दुष्परिणाम ओळखणारी पद्धती, घरात एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती पडल्यास नातलगांना सूचना देणारे यंत्र, असे अनेक विषय तरुण प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी हाताळीत आहेत. ‘स्मार्ट हेल्थकेअर’ या नावाने हे क्षेत्र ओळखले जाते. त्यावर निबंध लिहिले जातात, परिषदा भरतात, एकस्वासाठी अर्ज केले जातात. या उद्योगामागील बुद्धी आणि परिश्रम यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि या संशोधनाचा किती अंश प्रयोगशाळेच्या दारातून बाहेर पडून रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. त्याचे उत्तर समाधानकारक नाही आणि त्याची कारणे तंत्रशास्त्रात कमी, अर्थकारणात अधिक आहेत.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही गरज आणि मागणी यांतील भेद शिकविला जातो. गरज कितीही तीव्र असली, तरी तिच्या पाठीशी क्रयशक्ती नसेल तर बाजाराच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नसते. भोर किंवा जुन्नर तालुक्यातील गर्भवतीच्या रक्तातील लोहाची कमतरता वेळेवर कळावी, ही गरज आहे. सुस्थितीतील माणसाला आपण दिवसात किती पावले चाललो हे मनगटावर दिसावे, ही मागणी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. परंतु भांडवल, कौशल्य आणि कल्पकता यांचा ओघ पावले मोजणाऱ्या घड्याळाकडे वाहतो, कारण घड्याळाला गिऱ्हाईक आहे. संशोधकाला यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या दिशेला मोबदला आहे त्या दिशेला श्रम वळतात, हा नियम विद्वानांनाही लागू आहे.

विद्यापीठीय व्यवस्थेतील मोबदल्याचे स्वरूपही याला पोषकच आहे. अध्यापकाच्या पदोन्नतीसाठी प्रसिद्ध झालेल्या निबंधांना आणि मिळविलेल्या एकस्वांना गुण आहेत. शिक्षणसंस्थांना एकस्वाच्या शुल्कात २०२१ साली ऐंशी टक्के सवलत देण्यात आली. हेतू स्तुत्य होता. परंतु एखादे साधन ग्रामीण रुग्णालयात सहा महिने वापरून पाहिले, त्यातील चुका नोंदविल्या, परिचारिकेच्या तक्रारी ऐकून ते दुरुस्त केले, या कष्टाच्या आणि कीर्ती न देणाऱ्या कामाला त्या गणितात फारसे स्थान नाही. मग संशोधक इंटरनेटवर उपलब्ध असलेला, बहुधा परदेशी रुग्णांचा माहितीसंच घेतो, आपली आज्ञावली त्यावर चालवितो, अचूकतेचा आकडा पूर्वीच्या निबंधाहून दशांशाने वाढवितो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. नियम जसे केले, तसे वर्तन घडले. त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

परक्या मोजपट्ट्या

परदेशी रुग्णांच्या माहितीवर पोसलेले यंत्र येथे कितपत चालेल, या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यातच फार पूर्वी मिळालेले आहे. येथील केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची अपत्ये यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. भारतीय अर्भक वजनाने हलके असले, तरी त्याच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असा या संशोधनाचा निष्कर्ष होता. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले गेले. दोघांचाही उंची-वजनावरून काढलेला निर्देशांक २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरला. एकाच आकड्याच्या आड दोन भिन्न देह होते. जे यंत्र युरोपीय देहावरून शिकले, ते पुण्याच्या माणसाला निरोगी ठरवून परत पाठवील आणि त्याला मधुमेहाने गाठल्यावरही आपली चूक त्याला कळणार नाही.

असाच धडा प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरने दिला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत हे चिमुकले यंत्र घेऊन कर्मचारी महाराष्ट्रात घरोघरी गेले आणि त्याने अनेकांना वेळेवर रुग्णालयाचा रस्ता दाखविला, हे निर्विवाद आहे. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे दाखविले, की रक्तातील प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत उतरलेला असताना यंत्राने तो ठीक दाखविण्याचा प्रकार गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होता. प्रकाशकिरण त्वचेतून जातो आणि त्वचेचा रंग त्याच्या मार्गात येतो. हे तत्त्व अनेक दशके ज्ञात होते. परंतु मोजमाप ज्यांच्यावर बेतले गेले त्यांत सावळ्या कातडीची माणसे पुरेशी नव्हती.

याहून सूक्ष्म आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष बोधप्रद असे उदाहरण २०१९ साली उजेडात आले. कोणत्या रुग्णाला अधिक देखभालीची आवश्यकता आहे हे ठरविण्यासाठी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका आज्ञावलीने आजाराच्या तीव्रतेऐवजी उपचारांवर होणारा खर्च हे माप धरले होते. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत आला होता. म्हणून यंत्राने ते कमी आजारी आहेत असा निष्कर्ष काढला. हा दोष दूर केला, तर अधिक देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवून दिले. यंत्राच्या मनात वर्णद्वेष नव्हता. त्याने खर्चालाच गरज मानले, इतकेच. आपल्याकडे या चुकीचा विस्तार किती होईल याची कल्पना करणे कठीण नाही. जो पैशाअभावी रुग्णालयात गेलाच नाही, त्याची नोंद नाही. ज्याची नोंद नाही, त्याच्यापासून यंत्र काही शिकत नाही. खासगी रुग्णालयांच्या संगणकांतून गोळा होणारी माहिती ही आजाराची शिरगणती नसून बिल भरू शकणाऱ्यांची शिरगणती असते.

हातात फोन, डोक्यावर ओझे

दुसरा प्रश्न यंत्र हाताळणाऱ्याचा. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले भ्रमणध्वनी संच परत करण्याचे आंदोलन केले. संच जुनाट आणि अपुऱ्या क्षमतेचे होते, ते वारंवार बिघडत. आणि बालकांच्या पोषणाची नोंद ज्यात करावयाची ते ‘पोषण ट्रॅकर’ इंग्रजीत होते. ज्या बाईने गावातील प्रत्येक बालकाचे वजन काट्यावर घेऊन वहीत लिहिले, तिला परभाषेतील चौकटीत ते भरता येईना, म्हणून ती अकार्यक्षम ठरू लागली. नागरी सुशिक्षितांत या आंदोलनाची संभावना तंत्रज्ञानाला होणारा अडाणी विरोध अशी झाली. वस्तुतः ती एका सदोष साधनाची उपभोक्त्याने केलेली परीक्षा होती. असा अभिप्राय कोणत्याही कंपनीने पैसे मोजून मिळविला असता.

थायलंडमधील अनुभवही याच जातीचा आहे. नेत्रपटलाची छायाचित्रे पाहून मधुमेहाचे दुष्परिणाम ओळखणारी गूगलची आज्ञावली प्रयोगशाळेत निष्णात डॉक्टरांच्या तोडीची ठरली होती. तेथील अकरा चिकित्सालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा पाचांपैकी सुमारे एक छायाचित्र यंत्राने अस्पष्ट म्हणून नाकारले. खोल्यांत पुरेसा अंधार नव्हता, इंटरनेटची गती मंद होती, आणि ज्याचे छायाचित्र नाकारले गेले त्या गरीब रुग्णाला दूरच्या रुग्णालयाची वाट धरावी लागत होती. २०२० साली हे निष्कर्ष प्रांजळपणे प्रसिद्ध करण्यात आले. असे अपयश प्रसिद्ध करण्याचे धैर्य आणि त्याला प्रतिष्ठा देणारी व्यवस्था, दोन्हींची आपल्याकडे वाण आहे.

यावर असे म्हटले जाईल, की डॉक्टरांची संख्या अपुरी आहे, तज्ज्ञ शहरांत एकवटले आहेत, तेव्हा उणिवांसह का होईना यंत्र पत्करले पाहिजे. हा युक्तिवाद पोकळ नाही. क्षयरोगाचे उदाहरण त्याच्या बाजूने उभे आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. छातीच्या क्ष-किरण चित्राचे संगणकाद्वारे वाचन करून पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची प्राथमिक चाळणी करण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. ज्या आज्ञावलींच्या चाचण्या त्यासाठी विचारात घेतल्या गेल्या, त्यांत २०१६ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘क्युअर डॉट एआय’ या कंपनीची आज्ञावली होती. परंतु येथे यंत्र उपयोगी का पडले, हे नीट पाहिले पाहिजे. प्रश्न स्पष्ट होता. यंत्राच्या संशयानंतर थुंकीची तपासणी करण्याची सोय होती. रोग ठरल्यास औषध सरकारकडून विनामूल्य मिळत होते. म्हणजे यंत्राच्या मागे आणि पुढे माणसांची एक साखळी अगोदरच उभी होती आणि तिचा खर्च शासन उचलीत होते. जेथे साखळी नाही तेथे निदान करणारे यंत्र रुग्णाला फक्त चिंता देते.

हीच गोष्ट पुणेकरांनी जानेवारी २०२५ मध्ये अनुभवली. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले आणि पुढील काही आठवड्यांत पुणे व आसपासच्या भागांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. हातापायांतील शक्ती हरपणारा हा विकार, महागडी इंजेक्शने आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास यांमुळे अनेक कुटुंबे आर्थिक दृष्ट्या कोलमडली. संशयाची सुई पाण्याकडे वळली. मनगटावरील कोणत्याही पट्टीने हे संकट टळले नसते. पण निरनिराळ्या रुग्णालयांत विखुरलेल्या रुग्णांची नोंद एकाच पद्धतीने, एकाच दिवशी महापालिकेकडे जमा करणारी साधी संगणकीय व्यवस्था प्रत्येक रुग्णालयात रुजलेली असती, तर अशा प्रसंगी मोलाचे दिवस वाचतात. हे काम दिमाखदार नाही आणि त्यावर निबंधही फारसे चमकदार होणार नाहीत.

विशेष म्हणजे अशा एकसमान नोंदींचे शास्त्र पुण्यातच आहे. वैद्यकीय नोंदींच्या राष्ट्रीय मानकांचे केंद्र येथील ‘सी-डॅक’मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आश्रयाने चालते. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने अमेरिकेने महासंगणक नाकारल्यानंतर १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला, ही कथा शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. तिचे अर्थशास्त्रीय मर्म मात्र क्वचितच सांगितले जाते. त्या वेळी गरज काय हे राज्यसंस्थेने नेमकेपणाने सांगितले, मुदत घालून दिली आणि पैसा उभा केला. गरजेचे रूपांतर मागणीत केले. आरोग्याच्या क्षेत्रात नेमकी हीच पायरी गाळली जात आहे.

माहिती कोणाची?

तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न रुग्णाच्या माहितीचा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर सुरू झाले आणि २०२५ च्या प्रारंभापर्यंत सत्तर कोटींहून अधिक लोकांची आरोग्य-खाती उघडली गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स या अग्रगण्य रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा तेथील कामकाज कित्येक दिवस कागद-पेन्सिलीवर चालवावे लागले. आरोग्यविषयक माहितीच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१८ साली तयार झाला होता. तो कायदा अस्तित्वात आला नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो सर्वसाधारण कायदा संमत झाला, त्यात आजाराच्या माहितीला वेगळा, अधिक संवेदनशील असा वर्ग दिलेला नाही. दूरध्वनी क्रमांक आणि क्षयाचे निदान यांची गणना एकाच पंगतीत केली गेली आहे.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले, की वैद्यकीय सेवेचा बाजार भाजीच्या बाजारासारखा नसतो. ग्राहकाला मालाची पारख नसते आणि म्हणून तो विश्वासावर खरेदी करतो. यंत्र मध्ये आल्यावर ही विषमता दुहेरी होते. रुग्णाला डॉक्टरची पारख नाही आणि डॉक्टरला यंत्राची. अशा बाजारात विश्वास हेच खरे भांडवल असते आणि ते एकदा गमावले की कर्ज काढून मिळत नाही.

पुण्याला हे इतिहासाने शिकविलेले आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या अधिकाराखाली सोल्जर घराघरांत शिरले, माणसांना ओढून विलगीकरणात नेले, चीजवस्तू जाळल्या. साथ आटोक्यात आणण्याचा हेतू वैद्यकदृष्ट्या चुकीचा नव्हता. परंतु संमतीवाचून केलेल्या त्या उपायांमुळे लोक रोगापेक्षा तपासणीला अधिक भिऊ लागले, आजारी लपविले जाऊ लागले आणि शेवट २२ जूनच्या त्या प्रसिद्ध रात्री झाला. त्याच साथीत, त्याच परिसरात, सावित्रीबाई फुले रुग्णांना उचलून दवाखान्यात नेत होत्या. त्या कामातच त्यांना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. एकीकडे सत्ता होती, दुसरीकडे सेवा. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ साली ज्यांचे नाव देण्यात आले, त्यांनी कोणती बाजू पत्करली होती याचे स्मरण त्या विद्यापीठातील संशोधकांना असणे उचित ठरेल.

करावयाचे काय?

नुसती टीका करून थांबणे योग्य नव्हे. चार गोष्टी तातडीने आणि फारशा खर्चावाचून करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, गरजांची अधिकृत यादी. ससून सर्वोपचार रुग्णालय, पुणे महानगरपालिकेचा आरोग्य विभाग आणि जिल्हा परिषद यांनी दरवर्षी आपल्या दहा अडचणी लेखी स्वरूपात अभियांत्रिकी महाविद्यालयांपुढे ठेवाव्यात. या अडचणी डॉक्टरांनीच नव्हे, तर परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांनीही सांगितलेल्या असाव्यात.

दुसरी, खरेदीची आगाऊ हमी. अमुक अचूकतेचे, अमुक किमतीचे, मराठीत चालणारे साधन तयार झाले, तर शासन त्याचे इतके नग विकत घेईल, असे आधीच जाहीर करावे. ही कल्पना पुस्तकी नाही. न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस गरीब देशांना मिळावी म्हणून २००९ साली दीड अब्ज डॉलरांची अशी हमी देण्यात आली. तिच्या पुरस्कर्त्यांपैकी मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि याच व्यवस्थेखाली लस पुरविण्यास पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट २०२० साली पुढे आली. जे लशीच्या बाबतीत पुण्याला साधले, ते यंत्राच्या बाबतीत असाध्य का असावे?

तिसरी, गुणांकनाची सुधारणा. प्रत्यक्ष रुग्णालयात केलेल्या चाचणीला, ती अयशस्वी ठरली तरी, निबंधाइतकेच गुण मिळावेत. निदान करणारी आज्ञावली हीसुद्धा वैद्यकीय उपकरण मानली जाईल, असे शासनाने २०२० सालीच ठरविले आहे आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वैद्यकीय वापरासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत. संगणक अभियांत्रिकीच्या किती वर्गांत ती शिकविली जातात, याची विचारपूस विद्यापीठाने करावी. नियमांनी संशोधन गुदमरेल ही भीती अनाठायी आहे. औषधांच्या चाचण्यांचे नियम याहून कडक आहेत आणि म्हणूनच गोळी गिळताना माणूस कचरत नाही.

चौथी, संमतीची भाषा. रुग्णाची माहिती कोण घेतो, कशासाठी घेतो आणि तिच्यापासून झालेल्या लाभातील कोणता अंश सार्वजनिक रुग्णालयाकडे परत येईल, हे त्याला कळेल अशा मराठीत सांगितले गेले पाहिजे. सार्वजनिक रुग्णालयातील नोंदी ही लोकांची ठेव आहे. ती विश्वस्ताच्या वृत्तीनेच वापरली पाहिजे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करीत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा लक्षणीय आहे. परंतु त्याच वर्षी शासनाचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता आणि २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे जे उद्दिष्ट २०१७ च्या आरोग्य धोरणाने ठरविले होते, त्यापासून तो दूर होता. यंत्रे ही तूट भरून काढतील, अशी आशा राज्यकर्त्यांना मोह पाडणारी आहे, कारण डॉक्टर व परिचारिका नेमण्यापेक्षा यंत्राचे उद्‌घाटन करणे सोपे असते. या मोहापासून शासनाला परावृत्त करण्याचे काम प्रथम संशोधकांनीच केले पाहिजे. आपल्या साधनाने काय होईल हे ते आवर्जून सांगतात. त्याने काय होणार नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले, तर त्यांच्या विद्येचे सार्थक होईल आणि पुण्याच्या विद्वत्तेचा लाभ पुण्याच्या रुग्णाला मिळेल.